सदर पाल्य : चौथी ते पाचवी या स्थित्यंतराचे सटीक विवेचन

(एकपात्री प्रयोग. रंगमंचावर एक उंच मेज, त्यावर तांब्याभांडे, जाडजूड हस्तलिखित आणि वेळापत्रकाचा पुठ्ठा. शेजारी स्टुलावर शाळेचे दप्तर. त्याची चेन अर्ध्यावरच अडकलेली आहे. बंद गळ्याचा कोट घातलेला व्याख्याता येतो, चष्मा पुसतो आणि संपूर्ण प्रयोग ग्रंथवाचनाच्या सुरात, गंभीर चेहऱ्याने सादर करतो. प्रेक्षक हसल्यास तो थांबतो, हस्तलिखितात छपाईची चूक आहे का ते पाहतो आणि पुढे वाचू लागतो.)

व्याख्याता : प्रस्तुत विवेचनाचा विषय चौथी उत्तीर्ण होऊन पाचवीत जाणारे अपत्य हा असून, शालेय पत्रव्यवहारातील रूढ परिभाषेस अनुसरून त्याचा उल्लेख यापुढे ‘सदर पाल्य’ असा करण्यात येईल, आणि त्याच्यासोबत एकाच छपराखाली राहणाऱ्या माता, पिता व आजी यांचा उल्लेख ‘हितचिंतक’ असा करण्यात येईल, हितचिंतक म्हणजे ज्याला हिताची चिंता आहे तो, हित कशात आहे हे त्याला ठाऊक असलेच पाहिजे अशी अट या व्याख्येत नाही.

(पान उलटतो.)

चौथी ते पाचवी हे अंतर वरवर पाहता तिसरी ते चौथी एवढेच, म्हणजे एका इयत्तेचे आहे. तथापि महाराष्ट्रातील अनेक गावांत आणि तालुक्याच्या ठिकाणी जिल्हा परिषदेची किंवा नगरपरिषदेची शाळा चौथीला संपते आणि एखाद्या शिक्षणसंस्थेचे हायस्कूल पाचवीला सुरू होते, त्यामुळे या एका इयत्तेच्या आत इमारत, गणवेश, वेळ, शिक्षक, बाक आणि स्वच्छतागृहाचा रस्ता या सहा गोष्टी एकदम बदलतात. या रचनेचे मूळ जुने आहे. इंग्रजी अमदानीत चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकून विद्यार्थी ‘इंग्रजी पहिली’त दाखल होत असे, आणि ती इंग्रजी पहिली म्हणजेच आजची पाचवी होय. पुढे इंग्रज गेले, २००० सालापासून इंग्रजी हा विषय राज्याने पहिलीतच आणला, त्यामुळे इंग्रजीची वाट पाहत पाचवीपर्यंत थांबण्याचे कारण उरले नाही. हायस्कूलचे दार मात्र जिथे होते तिथेच राहिले, कारण विषय हलवायला शासननिर्णय पुरतो आणि दार हलवायला गवंडी लागतो.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवी हे प्राथमिक आणि सहावी ते आठवी हे उच्च प्राथमिक शिक्षण ठरवले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसरी ते पाचवीला पूर्वतयारीचा स्तर म्हटले आणि मधला स्तर सहावीपासून धरला. सारांश असा की, सदर पाल्य कायद्याने प्राथमिक आहे, धोरणाने पूर्वतयारीत आहे आणि इमारतीने माध्यमिक आहे. त्याला कोणी ‘तू कशात आहेस रे?’ असे विचारले तर तो ‘क तुकडीत’ असे सांगतो, आणि उपलब्ध उत्तरांपैकी तेवढेच निर्विवाद आहे.

(पाणी पितो.)

या तिहेरी अवस्थेचा पहिला परिणाम निद्रेवर होतो. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही ही बाब जाहीरपणे मांडली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरवले. निर्णय शास्त्रीय होता, आणि म्हणूनच तो चौथीला थांबतो ही गोष्ट अभ्यासकांच्या कुतूहलाची ठरली आहे. हायस्कुलात खोल्या कमी असल्यामुळे पाचवी ते सातवीचे वर्ग सकाळच्या अधिवेशनात आणि आठवी ते दहावीचे दुपारच्या अधिवेशनात भरवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. अधिवेशन म्हणजे पाळी. त्यामुळे महाराष्ट्र दिनी, म्हणजे निकालाच्या दिवशी, ज्याला झोपेची नितांत गरज होती असा पाल्य जूनच्या मध्यास सात वाजून दहा मिनिटांनी ‘राष्ट्रगीत सुरू कर’ या आज्ञेला उभा असतो.

आता याच पाल्याच्या पायांचा विचार केला असता चित्र उलटे दिसते. शिक्षणहक्काच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलास शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलास तीन किलोमीटरच्या आत मिळाली पाहिजे. म्हणजे पाय पाचवीपर्यंत लहान धरलेले आहेत आणि डोळे चौथीतच मोठे झालेले आहेत. सदर पाल्याचे हायस्कूल पावणेदोन किलोमीटरवर असल्यामुळे उर्वरित पाऊण किलोमीटर तो कोणत्या अधिकाराने चालतो, याचा उल्लेख कोठेही सापडत नाही.

(किंचित थांबून, चष्म्यावरून पाहत.)

खेड्यांतून तालुक्याला येणाऱ्या मुलींना पाचवीपासून एसटीचा मोफत पास मिळतो, ती योजना अहिल्याबाई होळकरांच्या नावाने चालते, आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. कारण ‘चौथी झाली, आता पुरे’ हे वाक्य त्या पासाने अनेक घरांत अर्ध्यावर तोडले आहे. प्रस्तुत ग्रंथात गांभीर्य सर्वत्र असले, तरी खरे गांभीर्य एवढेच आहे.

निद्रेकडे परत यावयाचे तर, सदर पाल्याची माता पावणेसहा वाजता ‘ऊठ, साडेसहा वाजले!’ अशी घोषणा करते. माता घड्याळ पुढे नेऊन बोलते हे पाल्याला तिसरीपासूनच ठाऊक असल्यामुळे तो मनातल्या मनात पाऊण तास वजा करतो. वजाबाकी बरोबर येते, आणि तो पुन्हा झोपतो. गणिताचा पाया भक्कम असण्याचे तोटे शिक्षणशास्त्रात पुरेसे नोंदवले गेलेले नाहीत.

(दप्तराजवळ जातो, दोन्ही हातांनी ते उचलून पाहतो, पुन्हा ठेवतो, मनगट चोळतो.)

दुसरा परिणाम पाठीवर होतो. दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये, असे शासनाने २०१५ मध्येच सांगून ठेवले आहे. सदर पाल्याचे वजन सत्तावीस किलो, म्हणजे दप्तर दोन किलो सातशे ग्रॅमच्या आत हवे. पित्याने दप्तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेऊन काट्यावर ठेवले असता ते चार किलो सहाशे ग्रॅम भरले. दुकानदाराने सवयीने वरून एक मूठ घालण्यासाठी हात पुढे केला आणि दप्तर ओळखून मागे घेतला. चार किलो सहाशे ग्रॅमचे दप्तर नियमात बसवायचे तर दोन मार्ग संभवतात : दप्तरातील पुस्तके कमी करणे, किंवा पाल्याचे वजन शेहेचाळीस किलोपर्यंत वाढवणे. आजीने दुसरा मार्ग निवडला आणि त्याच संध्याकाळी कढईत तूप सोडले.

दप्तर हलके व्हावे म्हणून शासनाने प्रयत्नच केले नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२३-२४ या वर्षी पाठ्यपुस्तकांचे भाग पाडून त्यांतच कोरी पाने जोडण्यात आली. हेतू असा की, लिहायचे ते पुस्तकातच लिहावे आणि वेगळी वही नेऊ नये. शिक्षकांनी या योजनेचा आदर राखून पुस्तकातली पाने भरून घेतली, आणि परंपरेचा आदर राखून वहीही भरून घेतली. दोन वर्षांनी ती कोरी पाने काढून घेण्यात आली. या काळात शिकलेल्या मुलांच्या पुस्तकांतील कोऱ्या पानांवर फुली-गोळ्याच्या खेळाचा विपुल पुरावा उपलब्ध आहे, आणि एखाद्या होतकरू संशोधकाने तो रद्दीत जाण्यापूर्वी गोळा करावा.

(मेजाकडे परततो.)

हितचिंतकांची कल्पना अशी की, पाचवीचा अभ्यास कठीण आहे आणि त्या अभ्यासात पाल्याला मदत केली पाहिजे. ही कल्पना समजण्यासाठी परीक्षांचा थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे. शिष्यवृत्ती परीक्षा ही संस्था महाराष्ट्रात १९५४-५५ पासून आहे. ती प्रदीर्घ काळ चौथीत आणि सातवीत होती, २०१६-१७ पासून ती पाचवीत आणि आठवीत गेली, आणि २०२५ मध्ये ती पुन्हा चौथीत व सातवीत नेण्याचे ठरले. ज्या राज्यात खुद्द परीक्षेला पाचवीत करमले नाही, त्या राज्यात दहा वर्षांच्या पाल्याने तेथे पहिल्या दिवशी रमावे ही अपेक्षा किती वाजवी आहे, याचा निर्णय सुज्ञांवर सोपवणे योग्य. याखेरीज २०२३-२४ पासून पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली, तीत न जमल्यास पुनर्परीक्षा आली, आणि तीतही न जमल्यास त्याच वर्गात राहण्याची तरतूद आली. म्हणजे नापास होण्याचा जो अधिकार चौथीत नव्हता तो पाल्याला पाचवीत प्रथमच प्राप्त झाला. शिवाय सहावीत प्रवेश देणाऱ्या नवोदय विद्यालयाची निवड परीक्षा पाचवीत असताना द्यावी लागते, सातारच्या सैनिक शाळेचीही तशीच. त्यामुळे सदर पाल्य पाचवीच्या वर्गात नीट टेकण्याआधीच त्याचे पिता सहावीचे माहितीपत्रक घेऊन आले, आणि मातेने शिकवणी लावली.

(सभागृहाकडे पाहून.)

येथे आठव्या रांगेतील एका मातेने शेजारच्या पित्याकडे पाहिल्याची नोंद घेण्यात आली आहे.

वस्तुतः पाचवीचा अभ्यास सदर पाल्याला फारसा छळत नाही. परिसर अभ्यासाचे भाग एक व भाग दोन चौथीतही होते आणि पाचवीतही आहेत. विज्ञान, भूगोल आणि इतिहास स्वतंत्र संसार थाटतात ते सहावीत. मराठी माध्यमात हिंदी हा विषय नवा असतो, पण पाल्य तो दूरचित्रवाणीवर अनेक वर्षे निष्ठेने शिकलेला आहे. पाल्याला जे छळते ते वेगळेच असून, त्याकडे एकाही हितचिंतकाचे लक्ष गेलेले नाही. चौथीपर्यंत त्याला एक बाई होत्या. बाई मराठी शिकवत, गणित शिकवत, गाणे शिकवत, नाक पुसावयास लावत, आणि सदर पाल्य खोटे पोट कोणते दुखवतो व खरे कोणते हे चेहऱ्यावरून ओळखत. पाचवीत या एका बाईंच्या जागी पाच सर आणि तीन मॅडम येतात, दर पस्तीस मिनिटांनी बदलतात, आणि पाल्याला त्याच्या हजेरी क्रमांकावरून ओळखतात, जो सत्तेचाळीस आहे.

आजीला ही व्यवस्था समजावून देण्याचा एक प्रयत्न झाला, तो शब्दशः नोंदवणे उद्बोधक ठरेल.

(आजीचा आणि पाल्याचा आवाज काढतो, चेहरा मात्र व्याख्यात्याचाच ठेवतो.)

‘अरे, पोट दुखत होतं तर बाईंना सांगायचं नाहीस का?’
‘आजी, आता बाई नाहीत. सर आहेत.’
‘मग सरांना सांगायचं.’
‘कुठल्या?’
‘जे असतील त्यांना!’
‘अगं, सांगायला उठलो तर बेल झाली आणि ते गेले. मग मॅडम आल्या. त्यांना पहिल्यापासून सांगायला लागलं असतं.’
‘मग?’
‘मग राहिलं.’
‘काय राहिलं?’
‘दुखायचं राहिलं.’

(पूर्ववत.)

या संवादात सदर पाल्याने जे सांगितले ते अमेरिकेतील जॅकलिन एकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एका प्रसिद्ध लेखात अधिक विस्ताराने सांगितले आहे. तिकडे मधल्या वयाच्या मुलांसाठी वेगळी शाळा काढण्याची कल्पना ओहायो राज्यातील कोलंबस शहरात १९०९ साली प्रत्यक्षात आली होती, आणि ऐंशीएक वर्षे ती चालवून पाहिल्यावर संशोधकांना शंका आली की, शाळा मुलांच्या वयाला शोभत नाही. एकल्स यांच्या सिद्धांतास अवस्था-परिसर मेळाचा सिद्धांत म्हणता येईल. त्याचा अर्थ असा की, ज्या वयात मुलाला स्वतःचे काही स्वतः ठरवावेसे वाटते नेमक्या त्याच वयात मोठी शाळा त्याच्यावर अधिक नियम लादते, आणि ज्या वयात घराबाहेरचे एखादे मोठे माणूस त्याला जवळचे हवे असते नेमक्या त्याच वयात शाळा त्याला अशी अनेक माणसे देते ज्यांना प्रत्येकी शंभराहून अधिक मुले सांभाळायची असतात. मूल ढासळते ते अभ्यासाच्या ओझ्याने कमी आणि या बेमेळाने अधिक. सदर पाल्याच्या हितचिंतकांनी हा लेख वाचला असता, तर त्यांनी शिकवणीऐवजी वर्गशिक्षकांचे नाव विचारले असते.

मदतीची दिशा चुकते कशी, याचे प्रात्यक्षिक मे महिन्यातच मिळाले होते. नवीन शाळा आधी एकदा दाखवून आणावी, हा सल्ला उत्तम आहे आणि मातेने तो पाळलाही. तिने पाल्याला प्रयोगशाळा दाखवली, दहावीत पहिल्या आलेल्यांचा फलक दाखवला, त्यावरील रिकामी जागा बोटाने दाखवली, आणि संस्थापकांच्या तसबिरीला नमस्कार करवला. पाल्य या संपूर्ण काळात पिण्याच्या पाण्याचे नळ आणि स्वच्छतागृह शोधत होता. शेवटी त्याने शिपाईमामांना विचारले. मामांनी हाताने दिशा दाखवली आणि ‘मोठ्या सुट्टीत जाऊ नको, सातवीची पोरं असतात, छोट्या सुट्टीत जा’ असे सांगितले. पाचवीच्या प्रवेशासंबंधी सदर पाल्याला वर्षभरात मिळालेले हे सर्वांत उपयुक्त मार्गदर्शन होय, आणि त्याचे शुल्क आकारण्यात आले नाही.

(वेळापत्रकाचा पुठ्ठा उचलतो, आदराने छातीशी धरतो.)

आता या ग्रंथाच्या गाभ्याकडे वळणे प्राप्त आहे. चौथीत वेळापत्रक नव्हते असे नाही. ते बाईंच्या डोक्यात होते, आणि पाऊस आला की बदलत असे. पाचवीत ते कागदावर येते. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या मते सात ते अकरा या वयात मूल मूर्त क्रियात्मक अवस्थेत असते, म्हणजे जे हाताला लागते, मोजता येते, हलवता येते त्याबद्दल ते तर्काने विचार करू शकते, पण निव्वळ कल्पनेतल्या मांडणीवर त्याची बुद्धी ठरत नाही. वेळापत्रक ही निव्वळ कल्पनेतली मांडणी आहे. सोमवारचा तिसरा तास हाताला लागत नाही. उभ्या ओळीतला वार आणि आडव्या ओळीतला तास जेथे मिळतात तेथे ‘प.अ.२’ असे लिहिलेले असते, त्यावरून पाल्याने रात्री नऊ वाजता हे ओळखायचे असते की उद्या सकाळी नऊ वाजता एक ठरावीक वही नसेल तर त्याला उभे राहावे लागेल. पुष्कळ प्रौढांना रेल्वेचे वेळापत्रक अद्याप वाचता येत नाही, आणि त्यात गाडी चुकल्यास उभे करत नाहीत.

सदर पाल्याच्या बाबतीत वेळापत्रक तिसऱ्या दिवशी फळ्यावर लिहून देण्यात आले. सोमवार, मंगळवार आणि बुधवार त्याने सुवाच्य अक्षरांत उतरवून घेतले. गुरुवारचे दोन तास उतरवून होत असतानाच बेल झाली, पुढचे सर आत आले, आणि आल्या आल्या त्यांनी डस्टर फिरवले. शुक्रवार आणि शनिवार शेजाऱ्याकडून मिळाले. गुरुवार शेजाऱ्यालाही मिळाला नव्हता. मातांच्या व्हॉट्सॲप गटावर विचारणा केली असता अर्ध्या तासात तीन वेगवेगळे गुरुवार, दोन शुभ सकाळ आणि एक वाढदिवस प्राप्त झाला. त्यामुळे खबरदारीचा उपाय म्हणून गुरुवारी सर्व विषयांची सर्व पुस्तके व वह्या नेण्याचे ठरले. आणि ज्याअर्थी गुरुवारी भरलेले दप्तर शुक्रवारी कोणीच उपसत नाही, त्याअर्थी सर्व वार गुरुवार झाले. दप्तराचे चार किलो सहाशे ग्रॅम हे ज्ञानाचे वजन नसून गुरुवारच्या अज्ञानाचे वजन होते, हा शोध या संशोधनाची सर्वांत मोठी उपलब्धी मानावा लागेल.

(क्षणभर थांबतो, टाळ्यांची वाट पाहतो, पुढे वाचतो.)

वेळापत्रकातील संक्षेपांनी स्वतंत्र गोंधळ घातला. ‘का.अ.’ म्हणजे कार्यानुभव, ज्यात हाताने काही तरी बनवायचे असते व जे बहुधा माता रात्री अकरा वाजता बनवते. ‘शा.शि.’ म्हणजे शारीरिक शिक्षण. परंतु वेळापत्रक स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवलेले असल्यामुळे आजीने ती डब्याची सूचना समजून मंगळवारी आणि शुक्रवारी न चुकता शिरा दिला. हा गैरसमज दूर करण्यास सदर पाल्याने वर्षभर ठाम नकार दिला.

वह्यांचे शास्त्र याहून अवघड आहे. चौथीत मराठीला दुरेघी, इंग्रजीला चौरेघी आणि गणिताला चौकटी असे जातीनिहाय वर्गीकरण होते. पाचवीत हिंदीच्या सरांना दोनशे पानी एकरेघी हवी, मराठीच्या मॅडमना शंभर पानी दोन हव्यात, एक वर्गपाठाची आणि एक गृहपाठाची, गणिताच्या सरांना समास उजव्या बाजूलाही आखलेला हवा, कारण कच्चे काम तेथे करायचे असते. आणि यांपैकी कोणालाही दुसऱ्याने काय मागितले हे ठाऊक नसते. गृहपाठाचेही तसेच. प्रत्येक सर केवळ वीस मिनिटांचा अभ्यास देतात, आणि ते खरोखर तेवढाच देतात. परंतु असे आठजण असतात, ही बेरीज शाळेत कोणाच्याच कामाचा भाग नसते.

या ठिकाणी मदतीला वाव होता. रात्री जेवणानंतर दहा मिनिटे पाल्यासोबत फ्रिजसमोर उभे राहणे, उद्याच्या वारावर त्याने बोट ठेवणे, प्रत्येक तासाला एक पुस्तक आणि एक वही त्याने स्वतः काढणे, नको ते त्याने स्वतः बाहेर ठेवणे, आणि हे सर्व होत असताना हितचिंतकाने हात मागे बांधून ठेवणे, एवढ्याने काम भागले असते. पियाजे यांच्या भाषेत, न दिसणारा सोमवार हाताला लागला असता. परंतु पिता वाट पाहू शकत नव्हते. पाल्याने परिसर अभ्यासाचा नकाशा कोठे ठेवला हे आठवण्यासाठी छताकडे पाहिले, की पिता दोन मिनिटांत दप्तर स्वतः भरून मोकळे होत. परिणामी पाचवीचे वेळापत्रक पित्याला तोंडपाठ झाले, आणि शाळेत मात्र पाल्य जात होता.

(पान उलटतो.)

प्रकरण सहावे आहाराविषयी असून ते वेळेअभावी गाळण्यात येत आहे, कारण मधल्या सुट्टीतही वेळेअभावी तेच होते.

पुढील घटना दिवाळीनंतरची आहे. पिता कार्यालयीन प्रशिक्षणासाठी बाहेरगावी गेले, माता त्याच आठवड्यात तापाने आडवी झाली, आणि दप्तर भरण्याचे काम आपोआप सदर पाल्याकडे आले. पिता परतल्यावर त्यांनी दप्तर उचलले आणि ते अपेक्षेपेक्षा वेगाने वर आले. किराणा दुकानातील काट्यावर ते दोन किलो तीनशे ग्रॅम भरले. घरात चिंतेचे वातावरण पसरले. पुस्तके हरवली, विकली, की एखाद्या वरच्या वर्गातील मुलाने हिसकावली, या दिशांनी चौकशी झाली. तेव्हा पाल्याने अत्यंत निर्विकारपणे जी व्यवस्था सांगितली तिची नोंद सहकारक्षेत्राच्या इतिहासात व्हावयास हवी.

सदर पाल्याच्या बाकावर तिघे आणि पुढच्या बाकावर तिघे बसत. या सहाजणांनी जुलैमध्येच ठरवले होते की, वही ज्याची त्याने आणायची, पुस्तके मात्र वाटून आणायची. वाचायचे झाले तर दोघांत एक किंवा तिघांत एक पुस्तक पुरते, कारण एक जण वाचतो आणि उरलेले मान हलवतात. मराठी व हिंदी एका जोडीकडे, गणित व इंग्रजी दुसरीकडे, परिसर अभ्यासाचे दोन्ही भाग तिसरीकडे. ज्याला हातात पुस्तक नसेल त्याला उभे करणाऱ्या सरांच्या तासाला पुढचा बाक मागच्या बाकाला पुस्तक बाकाखालून पोहोचवी. गुरुवारचे खरे वेळापत्रकही यांच्याकडेच होते. त्यांतील एकाची बहीण त्याच शाळेत नववीत होती आणि तिने ते शिक्षकखोलीच्या दारावरून उतरवून आणले होते. पित्याच्या भरलेल्या दप्तराचे काय करायचे, हा तेवढा प्रश्न उरला होता. त्यावर मंडळाने तोडगा काढला होता की, सदर पाल्याची पुस्तके ही राखीव साठा समजावी आणि कोणी गैरहजर राहिल्यास वापरावी. थोडक्यात, ज्या राज्यात प्रवरेच्या काठी १९५० च्या सुमारास शेतकऱ्यांनी एकत्र येऊन साखर कारखाना उभा केला, त्या राज्याच्या पाचवी क मध्ये भागभांडवल, संचालक मंडळ आणि राखीव निधी यांसह एक संस्था चार महिने नोंदणीशिवाय, आणि नोंद घेण्याजोगे म्हणजे भांडणाशिवाय, चालली होती.

(हस्तलिखिताचे शेवटचे पान हाती घेतो.)

हे ऐकून हितचिंतकांचा ऊर भरून आला. मातेने ही बातमी त्याच रात्री व्हॉट्सॲप गटावर कौतुकाने टाकली. सहाही घरच्या हितचिंतकांना व्यवस्था पसंत पडली आणि ती अधिक पक्की करण्यासाठी रविवारी एका घरी बैठक झाली, तीत पोहे झाले आणि पुढील ठराव एकमताने संमत झाले. एक, कोणी काय आणायचे याचा तक्ता पालकांनी तयार करावा. दोन, तक्त्याची अंमलबजावणी पाहण्यासाठी एका मातेस अध्यक्ष आणि एका पित्यास सचिव नेमावे. तीन, ज्याच्याकडे गणित आहे तो आजारी पडल्यास इतरांचे नुकसान होऊ नये म्हणून गणिताचे पुस्तक प्रत्येकाने जवळ ठेवावे. चर्चेअंती असे लक्षात आले की, आजार विषय पाहून येत नाही. म्हणून तिसऱ्या ठरावात दुरुस्ती सुचवण्यात आली आणि ‘गणिताचे’ या शब्दाच्या जागी ‘सर्व विषयांचे’ असे शब्द घालण्यात आले.

सोमवारी सकाळी पिता दप्तर घेऊन किराणा दुकानात गेले. काट्यावर ठेवण्याआधीच दुकानदाराने आकडा सांगितला.

(व्याख्याता दप्तर उचलू पाहतो, एका हाताने उचलत नाही, दोन्ही हातांनी ओढत आत नेतो. पडदा.)